सुतक फिटलं, रोल महागला

मार्च २०१२ मध्ये कोडॅकने एक्टाक्रोम ही रंगीत स्लाइड फिल्म बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि जगभरच्या फोटोग्राफर मंडळींत आकांत झाला. कंपनी स्वतः त्याच जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज घेऊन कोर्टात उभी राहिली होती, पण तिच्यासाठी कोणी एवढं रडलं नाही. कंपन्या काय, बुडतात. रंग बुडायला नकोत. आमच्या ओळखीतले एक हौशी फोटोग्राफर तर दोन दिवस नीट जेवले नाहीत. त्यांचं सांत्वन करायला गेलो असता सहज विचारलं, "शेवटचा रोल कधी घातला होतात?" ते बराच वेळ छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आमची धाकटी तेव्हा बालवाडीत होती." धाकटी त्या वेळी इंजिनीअर होऊन बंगळूरला नोकरी करत होती आणि लग्नाला नाही म्हणत होती.

फिल्म बंद करण्याचं कोडॅकने दिलेलं कारणही तेच होतं. कोणी घेत नाही. म्हणजे ज्यांनी घेणं सोडलं म्हणून ती गेली, तेच तिरडीला खांदा द्यायला सगळ्यांत पुढे. यात दांभिकपणा होता असं मी म्हणणार नाही. गेलेल्या फिल्मवर प्रेम करणं फार सोयीचं असतं, एवढंच. ती विकत घ्यावी लागत नाही, धुवायला टाकावी लागत नाही, आणि धुऊन आल्यावर आपली लायकीही दाखवत नाही.

हे शेवटचं कलम महत्त्वाचं. पंचविशीच्या आतल्या वाचकांसाठी थोडं उलगडून सांगतो. साध्या रंगीत रोलची निगेटिव्ह निघायची. तिच्यात केस पांढरे, दात काळे, आणि सगळं कुटुंब भुतासारखं हिरवं-निळं. तिच्यावरून कागदावर प्रिंट काढताना लॅबमधला माणूस आपली पापं पोटात घालायचा. उजेड कमी पडला असेल तर वाढवायचा, जास्त झाला असेल तर दाबायचा, आणि आत्याबाईंच्या चेहऱ्यावर आलेली हिरवट झाक काढून त्यांना पुन्हा माणसांत आणायचा. स्लाइडमध्ये हा मधला दयाळू माणूसच नाही. कॅमेऱ्यात घातली तीच फिल्म ई-६ नावाच्या प्रक्रियेत धुतली जाते, उलट्याची सुलटी होते आणि चित्र बनून बाहेर येते. तिचे छत्तीस तुकडे कापायचे, प्रत्येक तुकडा दोन इंची चौकटीत बसवायचा आणि उजेडासमोर धरायचा. दिसेल ते आपलं कर्तृत्व. तक्रार करायला खिडकी नाही.

आणि या कर्तृत्वाला सवलत अगदी थोडी. निगेटिव्हवर उजेडाचा अंदाज दोन स्टॉप (उजेडाच्या मापातल्या दोन पायऱ्या) जास्त झाला तरी बऱ्यापैकी फोटो निघतो. स्लाइडवर अर्धा स्टॉप इकडेतिकडे झाला की संपलं. लाडवाच्या पाकासारखं हे काम आहे: क्षणभर आधी उतरवला तर लाडू वळत नाहीत, क्षणभर उशीर झाला तर फोडायला बत्ता लागतो. जास्त उजेड झाला की आकाश धुतल्या धोतरासकट गायब, कमी झाला की मंडळी कोळशाच्या वखारीत उभी. म्हणून लग्नात स्लाइड फिल्म घालणारा फोटोग्राफर माझ्या पाहण्यात नाही. त्यालाही पुढची लग्नं मिळवायची असतात. धुण्याचं पथ्यही तसंच कडक. ई-६ चा पहिला डेव्हलपर ३८ अंश सेल्सिअसला ठेवावा लागतो आणि त्यात अर्ध्या अंशाची हयगय चालत नाही. घरात कोणाला एवढाच ताप आला तर आपण हाताने कपाळ चाचपून "जरा कणकण आहे" एवढ्यावर भागवतो.

छापखान्यांना मात्र ही फिल्म हवी असायची. रंगीत छपाई ट्रान्सपरन्सीवरून, म्हणजे स्लाइडवरून, चांगली उठते, म्हणून कॅलेंडरं, जाहिराती, मासिकांची मुखपृष्ठं हा सगळा संसार तिच्यावर चालला. २४ डिसेंबर १९६८ ला अपोलो-८ मधून बिल अँडर्सनी चंद्राच्या कडेवरून उगवणारी पृथ्वी टिपली, तीही खास बनवलेल्या ७० मिलिमीटर एक्टाक्रोमवरच. इतक्या लांब जाऊन एक्स्पोजर चुकलं नाही, हे मला चंद्रावर जाण्यापेक्षा अवघड वाटतं.

सामान्य मराठी माणसाचा स्लाइडशी संबंध आला तो चंद्रामुळे नव्हे, अमेरिकेतल्या काकांमुळे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत हे काका सुट्टीवर यायचे ते दोन जड बॅगा घेऊन. एकीत साबण, चॉकलेटं आणि दाढीची पाती. दुसरीत प्रोजेक्टर आणि स्लाइडची गोल चक्रं, एकेका चक्रात ऐंशी स्लाइड. प्रोजेक्टर तिकडचा, ११० व्होल्टवर चालणारा, म्हणून गल्लीतल्या रेडिओवाल्याकडून ट्रान्सफॉर्मर आणावा लागे आणि त्याबरोबर रेडिओवालाही येई. भिंतीवर पांढरी चादर लागे. तिच्या मधोमध शिवण असायचीच, त्यामुळे अमेरिकेतली प्रत्येक गगनचुंबी इमारत मध्यावर टाके घातलेली दिसे. मग दिवे बंद होत आणि पळवाट संपे.

"हा नायगारा," काका म्हणत. खटॅक. "हा तोच, जरा डावीकडून." खटॅक. "हा कॅनडाच्या बाजूने. फरक बघा." आम्ही फरक बघत असू. मधेच एखादी स्लाइड दिव्याच्या उष्णतेने फुगून धूसर होई आणि काका भिंगाशी झटापट करत. तेवढ्यात आजी विचारी, "अरे, त्या धबधब्यात हिच्या साडीचा पदर भिजला नाही का?" नायगारा, सुवर्णद्वार पूल, लिंकनचा पुतळा यांना श्रोतृवर्गातून कसलाही प्रतिसाद नसे. मग अचानक काकांच्या स्वयंपाकघराची स्लाइड येई आणि तिच्यात माणसाच्या उंचीचा, दोन दारांचा फ्रीज दिसे. "थांब थांब, पुढे नको जाऊस!" अशी पहिली उत्स्फूर्त दाद त्या फ्रीजला मिळे. आत काय काय आहे यावर पंधरा मिनिटं चर्चा चाले, तेवढ्यात दिवा आणखी तापे.

स्लाइड चक्रात घालण्याच्या एकूण आठ पद्धती आहेत, हे त्या काळात शिकलेलं गणित मी अजून विसरलेलो नाही. चार बाजू, शिवाय पुढून किंवा मागून. आठांपैकी सात चुकीच्या. बहुतेक काका या सातही पद्धतींना समान संधी देत. त्यामुळे स्वातंत्र्यदेवता डाव्या हातात मशाल घेऊन उभी राही, कधी डोक्यावर उभी राही, आणि एकदा तर काकू मोटारीच्या डाव्या, म्हणजे अमेरिकेतल्या ड्रायव्हरच्या, बाजूला बसलेल्या दिसल्या. त्यांना अमेरिकेत गाडी चालवता येत नव्हती, हा कौटुंबिक कलहाचा विषय होता. त्या एका उलट्या स्लाइडने अर्धं खानदान तीन मिनिटं खुशीत होतं.

आपल्याकडे खरं तर या धंद्याची परंपरा जुनी. कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच शांबरिक खरोलिका दाखवायला सुरुवात केली होती. काचेवर रंगवलेली चित्रं, दिव्याचा झोत, पडद्यावर हलणारी कथा. लोक पैसे मोजून येत. काकांचा खेळ फुकट होता, म्हणून तो शेवटपर्यंत बघावा लागे.

तर ही अशी फिल्म गेली, सगळे हळहळले आणि पाच वर्षं बरी गेली. जानेवारी २०१७ मध्ये लास व्हेगासच्या इलेक्ट्रॉनिक्स मेळ्यात, भिंतीएवढे टीव्ही आणि बोलणारी यंत्रं यांच्या गर्दीत, कोडॅकची फिल्म विकणाऱ्या कोडॅक अलारिस या कंपनीने जाहीर केलं की एक्टाक्रोम परत येणार. वर्ष संपायच्या आत येईल, असंही सांगितलं. ती आली सप्टेंबर २०१८ च्या अखेरीस. उशिराचं कारण ऐकलं की सहानुभूती वाटते. या फिल्मच्या कृतीत ऐंशीच्या आसपास घटक. त्यातले काही बनवणारे पुरवठादार मधल्या काळात धंदाच बंद करून बसलेले. ज्यांच्या हाताला ही कृती ठाऊक होती त्यांतले बरेच निवृत्त झालेले. शिवाय कोडॅकच्या अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या कारखान्यात हे सगळं काम मिट्ट काळोखात चालतं, कारण मालाला उजेड दिसला की माल संपला. विसरलेली पाककृती आठवायची, ऐंशी जिन्नस गोळा करायचे, आणि दिवा लावायचा नाही. त्यातून ही यंत्रं प्रचंड. एकदा चालवली की इतकी रुंद आणि लांब फिल्म बाहेर पडते की २०१२ साली एका घाण्याचा माल मुदतीत खपेल की नाही हीच पंचाईत होती. आपल्याला हव्या तेवढ्याच वाटीभर फिल्मचा घाणा निघत नाही.

याआधी फुजीनेही आपली व्हेल्व्हिया ५० ही स्लाइड फिल्म बंद करून २००७ मध्ये परत आणली होती, पण ते जपानी लोक, त्यांनी गाजावाजा केला नाही. इटलीतल्या फेरानियाने मात्र २०१४ मध्ये रंगीत स्लाइड फिल्म पुन्हा बनवतो म्हणून लोकवर्गणी मागितली आणि तीन लाख डॉलरच्या वर जमवली. मग जुन्या कारखान्यात ॲस्बेस्टॉस निघालं, हे अडलं, ते अडलं, आणि २०१७ मध्ये बाहेर आली ती कृष्णधवल निगेटिव्ह फिल्म. रंगीत पॉझिटिव्ह मागितली, कृष्णधवल निगेटिव्ह मिळाली. याहून विरुद्ध काही देणं तांत्रिकदृष्ट्या शक्य नव्हतं. वर्गणीदारांतल्या निम्म्यांनी तिचंही कौतुक केलं असेल, अशी मला खात्री आहे. फिल्मवाले तसे समजूतदार असतात.

कोडॅक अलारिसचीही एक गंमत आहे. दिवाळखोरीच्या भानगडीत कोडॅककडून ब्रिटनमधल्या तिच्या निवृत्त कामगारांच्या पेन्शन फंडाचं मोठं देणं राहिलं होतं. २०१३ च्या तडजोडीत त्या फंडाच्या पदरात रोकड पडायच्या ऐवजी फिल्म विकण्याचा धंदाच पडला. फिल्म बनवायची अमेरिकेतल्या जुन्या कोडॅकने आणि विकायची इंग्लंडातल्या पेन्शनरांच्या कंपनीने. आपल्याकडे निवृत्तांना ग्रॅच्युइटीऐवजी गिरणीच देऊन टाकली असती तर काय झालं असतं, हा विचार गिरणगावातल्या माणसाने करून बघावा. २०२४ मध्ये हा धंदा एका गुंतवणूक कंपनीकडे गेला. पण मधली काही वर्षं तरी पुण्यामुंबईच्या हौशी फोटोग्राफरने उडवलेल्या प्रत्येक रोलमधून कुठल्याशा इंग्रज आजोबांच्या चहाला साखर मिळत होती. साम्राज्याचं ऋण इतक्या आडवाटेने कोणी फेडलं नसेल.

फिल्म परत आली आणि आमच्या हौशी स्नेह्यांची खरी अडचण सुरू झाली. आधी ते म्हणाले, ही तीच नव्हे. पूर्वीची निळाई वेगळी होती. पूर्वीची निळाई त्यांनी शेवटची पाहिली तेव्हा धाकटी बालवाडीत होती, हे मी बोललो नाही. मग ते किमतीवर आले. अमेरिकेत सुरुवातीला तेराएक डॉलरला मिळणारा रोल तिथेच पुढे भराभर चढला. इथे येईपर्यंत त्याला जकात, वाहतूक आणि दुकानदाराची भक्ती लागते. आता धुलाईसकट एका फ्रेमचा हिशेब शंभर रुपयांच्या घरात जातो. वर ई-६ धुणारी लॅब गावोगाव नाही, रोल कुरिअरने परगावी पाठवायचा आणि देवाला हात जोडायचे. सहा वर्षं सुतक पाळलेल्या माणसाला मागे फिरणं शक्य नव्हतं. त्यांनी पाच रोल मागवले.

ते फ्रीजमध्ये गेले. फिल्म थंडाव्यात टिकते, हे शास्त्र. घर शुद्ध शाकाहारी, त्यामुळे फ्रीजच्या दारातला अंड्यांचा कप्पा लग्नापासून रिकामाच होता. फिल्मच्या डब्या त्या खळग्यांत अशा चपखल बसल्या की शीतकपाटवाल्याने दूरदृष्टीने सोय केली असावी. वहिनींनी काही हरकत घेतली नाही. मग एके दिवशी स्नेह्यांनी जेवताना, विद्वत्तेच्या भरात, जिलेटिनची गोष्ट सांगितली. फिल्मवरचे चांदीचे क्षार जिलेटिनमध्ये कालवलेले असतात आणि जिलेटिन काढतात जनावरांच्या हाडांतून, कातड्यांतून. १९२० च्या दशकात कोडॅकच्या सॅम्युएल शेपर्ड यांना आढळलं, की काही जिलेटिनची फिल्म उजेडाला जास्त तेज असते आणि काहींची मठ्ठ. शोध घेता घेता गंधकाचं एक संयुग सापडलं, ते मोहरीच्या जातीच्या वनस्पतींत असतं. ज्या गायींनी मोहरीची पानं खाल्ली, त्यांच्या जिलेटिनची फिल्म तेज! "म्हणजे बघ," स्नेही रंगात येऊन म्हणाले, "सगळा सिनेमा, सगळी फोटोग्राफी मोहरीवर उभी आहे!"

वहिनींनी मोहरी बाजूला ठेवली. "हाडं म्हणालात?" एवढंच विचारलं. त्या संध्याकाळपासून डब्या तीन पिशव्यांत गुंडाळल्या गेल्या आणि लोणच्याची बरणी वरच्या खणात गेली. अंड्यांचा कप्पा तेवढा त्यांनी कायमचा सोडून दिला.

हे रोल अजून तिथेच आहेत. कारण इतक्या महाग आणि इतक्या कडक फिल्मला शोभेल असा विषय मिळायला हवा. कास पठारावर फुलं आली तेव्हा आकाश ढगाळ होतं, एक्टाक्रोमला ऊन लागतं. ऊन पडलं तेव्हा ते फार करकरीत होतं, एक्टाक्रोमला मऊ ऊन लागतं. धाकटीचं लग्न झालं (अखेर), पण लग्नात स्लाइड घालायची नाही, हा नियम. नातवाचं बारसं झालं, पण तो हलतो आणि फिल्मचा वेग १००. चंद्राच्या कडेवरून पृथ्वी उगवताना जी फिल्म वापरली, तिच्या तोडीचं आमच्या उपनगरात काही उगवत नाही. दरम्यान डब्यांवरची मुदत जवळ येते आहे, पण त्याचीही त्यांना काळजी नाही. मुदत संपलेल्या फिल्मलाही हल्ली गिऱ्हाईक असतं. बिघडलेले रंग कलात्मक म्हणून खपतात.

"आणि काढलीत समजा, तर बघणार कशावर?" मी एकदा विचारलं. कोडॅकने स्लाइड प्रोजेक्टर बनवणं २००४ मध्येच थांबवलं. फिल्म परत आली, यंत्र नाही आलं, चादर धरणारी माणसंही नाहीत, आणि अंधारात दोन तास नातेवाइकांना कोंडून ठेवण्याचा अधिकार आता कोणत्याच काकांना उरलेला नाही. स्नेही म्हणाले, स्कॅन करायची. म्हणजे शंभर रुपयांची फ्रेम, ३८ अंशांचं पथ्य, रॉचेस्टरचा काळोख, सगळं करून शेवटी तळहातावरच्या काचेवर यायचं आणि कौटुंबिक ग्रुपवर मावशींच्या सुप्रभाताखाली जाऊन बसायचं.

हल्ली त्यांनी हा विषय सोडला आहे. हल्ली ते कोडाक्रोमसाठी हळहळतात.

निवड उत्तम आहे, हे मान्य केलं पाहिजे. कोडाक्रोम १९३५ सालची, एक्टाक्रोमची थोरली बहीण. तिचा शोध लावणारे लिओपोल्ड मॅनेस आणि लिओपोल्ड गोडोव्स्की हे दोघेही वादक, एक पियानोचा, एक व्हायोलिनचा. काळोख्या खोलीत घड्याळ दिसत नाही म्हणून ब्राम्सच्या सिम्फनीची शीळ वाजवून ते फिल्म धुण्याचा वेळ मोजत. हे काम आपल्याकडच्या एखाद्या ख्यालगायकाला दिलं असतं तर पहिला रोल अजून विलंबितात असता. ही फिल्म धुणं इतकं किचकट, की तिच्या के-१४ प्रक्रियेची जगातली शेवटची लॅब उरली होती अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या पार्सन्स नावाच्या लहानशा गावात. कोडॅकने २००९ मध्ये कोडाक्रोम थांबवली. शेवटचा रोल फोटोग्राफर स्टीव्ह मॅकरींना दिला, आणि त्यांनी त्या छत्तीस फ्रेममधल्या काही थेट मुंबईच्या सिनेमावाल्यांवर खर्च केल्या: अमिताभ बच्चन, आमिर खान, नंदिता दास, शेखर कपूर. "आणखी एक घ्या ना" म्हणायची सोय नसलेलं फोटोसेशन या मंडळींनी त्याआधी आणि त्यानंतर पाहिलं नसेल.

३० डिसेंबर २०१० ही पार्सन्सच्या लॅबमध्ये रोल पोचण्याची शेवटची तारीख ठरली आणि कपाटांच्या तळाशी वर्षानुवर्षं पडलेले रोल बाहेर निघाले. अर्कान्सासचा एक रेल्वे कामगार आपले रोल न्यायला स्वतः गाडी हाकत आला. १,५८० रोल. धुलाई १५,७९८ डॉलर. सगळ्या रोलांत एकच विषय, आगगाड्या. मला हा माणूस फार आवडतो. योग्य विषय मिळत नाही म्हणून तो कधी थांबला नाही. समोर गाडी आली की त्याने काढली.

त्यानंतर कोडाक्रोमचे रंग धुऊन मिळणं बंद झालं ते कायमचं. म्हणून स्नेही आता तिच्याबद्दल मोकळेपणाने बोलतात. ते लाल, ते पिवळं, ती खोली. एक्टाक्रोमला काय, निळ्याचंच कौतुक. परवा मी त्यांना सांगितलं, की २०१७ मध्ये एक्टाक्रोमच्या घोषणेपाठोपाठ कोडॅकच्या एका अधिकाऱ्याने कोडाक्रोम परत आणता येईल का तेही बघतोय असं बोलून टाकलं होतं. वाटलं, आनंदाने उडी मारतील. ते खुर्चीत ताठ बसले.

"कोण म्हणालं? छे! वेडे आहेत का ते? यंत्रं भंगारात गेली. रसायनं कोण बनवणार? धुणार कोण? रोज हजारो रोल आले तरच ती लॅब परवडते. शक्यच नाही."

"पण समजा, आणलीच..."

"शक्य नाही म्हणतो ना!"

वहिनी आतून ऐकत होत्या. "येऊ दे हो," त्या म्हणाल्या. "कप्प्यात अजून सात अंड्यांची जागा आहे."